मैला-टाकीची पातळी : मापकाची निवड व उभारणी

भोपाळ शहरात पावसाळा सुरू झाला की एक आकडा घरोघरी बोलला जातो. तो म्हणजे १६६६.८० फूट. शहराच्या मोठ्या तलावाची ही पूर्ण संचय पातळी होय. पाणी या पातळीस पोहोचले की भदभदा धरणाचे दरवाजे उघडले जातात आणि शहराला वर्षाची निश्चिंती लाभते. अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घेण्यास आलेला गृहस्थदेखील तलाव किती फुटांवर आला आहे, हे त्या दिवसांत सहज सांगू शकतो. मात्र त्याच्या स्वतःच्या घराच्या मागे जमिनीखाली असलेली मैल्याची टाकी किती भरली आहे, हे त्यास बहुधा सांगता येणार नाही.

पाण्याची पातळी समाज मोजतो. मैल्याची पातळी टाकी वाहू लागेपर्यंत कोणी मोजत नाही. वास्तविक या दोन्ही पातळ्यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. जी टाकी वेळेवर रिकामी होत नाही ती कोठेतरी वाहते, आणि ते वाहणे शेवटी ओढ्याला, विहिरीला, तलावाला अथवा समुद्राला जाऊन मिळते. यास्तव टाकीत किती मैला साठला आहे हे आधी कळविणाऱ्या साध्या उपकरणाची, म्हणजेच पातळी-मापकाची, माहिती करून घेणे अगत्याचे आहे. या मापकाचा सर्वांत काटेकोर उपयोग शिडाच्या प्रवासी नौकांवर होतो. तेथे जागा अपुरी, टाकी लहान आणि चूक झाल्यास ती धुऊन काढण्यास दुसरे स्थान नाही. म्हणून प्रस्तुत पाठात नौकेवरील टाकी हे प्रमुख उदाहरण घेतले आहे.

भोपाळचे उदाहरण

मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून निर्माण केला असे मानले जाते. त्याच्या खालच्या अंगाचा छोटा तलाव १७९४ मध्ये तयार झाला. भदभदा येथील धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही तलाव मिळून बनलेल्या ‘भोज पाणथळी’चा समावेश ऑगस्ट २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत करण्यात आला. मोठ्या तलावाचे पाणी शहराच्या फार मोठ्या वस्तीला पिण्यासाठी पुरविले जाते. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय बिट्टन मार्केटच्या परिसरातच, अरेरा कॉलनीच्या ई-५ विभागातील ‘पर्यावरण परिसर’ येथे आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ येथील मध्य विभागीय खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये या पाणथळीत क्रूझ आणि मोटारीवर चालणाऱ्या नौका फिरविण्यास मनाई केली. शिडाच्या नौकांचे शिक्षण व सराव मात्र या तलावावर होत आला आहे. सरावाच्या या लहान नौकांवर शौचालय नसते. प्रशिक्षणार्थींची सोय काठावर असते. जेथे नौका मुक्कामी वापरली जाते, तेथे मात्र शौचालय आणि त्याखाली मैला-टाकी या दोन्ही गोष्टी येतात. कोकण किनाऱ्यावरील, गोव्यातील आणि मुंबई बंदरातील मोठ्या शिडाच्या नौका, तसेच खाडीतील निवासी नौका ही याची उदाहरणे होत.

समुद्र आणि तलाव यांतील फरक

समुद्रावर मैला सोडण्याविषयी ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारात चौथे परिशिष्ट आहे. ते सप्टेंबर २००३ मध्ये अंमलात आले. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ४०० टन किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या, अथवा पंधरापेक्षा अधिक माणसे नेण्यास प्रमाणित असलेल्या जहाजांना ते लागू पडते. त्यानुसार बारीक करून निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपेक्षा अधिक अंतरावर सोडता येतो. प्रक्रिया न केलेला, टाकीत साठविलेला मैला १२ सागरी मैलांपेक्षा अधिक अंतरावर, जहाज किमान ४ नॉट वेगाने चालत असताना, हळूहळू सोडावा लागतो. याच परिशिष्टात आणखी एक महत्त्वाची अट आहे. साठवण टाकीत किती मैला आहे हे डोळ्यांना दिसेल अशी सोय टाकीस असली पाहिजे, ही ती अट होय. लहान शिडाच्या नौकेला हे परिशिष्ट बंधनकारक नसले तरी त्यामागील विचार तिलाही तितकाच लागू आहे.

हा नियम तलावावर लावून पाहिला तर काय दिसते? एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे ३ सागरी मैल सुमारे साडेपाच किलोमीटर झाले. चारही बाजूंचा काठ इतका दूर राहील असे ठिकाण मिळण्यास तलावाचे क्षेत्र किमान ९७ चौरस किलोमीटर हवे. भोपाळच्या मोठ्या तलावाचे क्षेत्र सुमारे ३१ चौरस किलोमीटर आहे. अर्थात त्या तलावात मैला सोडण्यास योग्य अशी एकही जागा नाही. नदी, खाडी, धरण आणि तलाव यांवर नौकेची टाकी किनाऱ्यावरच रिकामी केली पाहिजे. ती केव्हा रिकामी करावयाची हे सांगणारा मापक म्हणूनच सोयीची वस्तू नसून गरजेची वस्तू ठरतो.

मापकाचे प्रकार

स्वच्छ पाण्याच्या टाकीत चालणारा मापक मैल्याच्या टाकीत चालेलच असे नाही. मैल्यात कागद, घट्ट गाळ आणि क्षार असतात. ते उपकरणावर थर धरतात. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढील प्रकारांचा विचार करावा.

पहिला प्रकार डोळ्यांनी पाहण्याचा. टाकी अर्धपारदर्शक प्लास्टिकची असेल आणि तिची एक बाजू दिसत असेल, तर त्या बाजूवर खुणा कराव्यात. विजेरीचा प्रकाश मागून टाकल्यास पातळी दिसते. खर्च काहीच नाही आणि बिघडण्यासारखेही काही नाही. कालांतराने आतून डाग धरल्यामुळे पातळी अस्पष्ट होते, एवढाच दोष.

दुसरा प्रकार तरंगत्या गोळ्याचा. दांडीवर गोळा वरखाली होतो व त्यानुसार काटा फिरतो. पाण्यासाठी तो उत्तम आहे. मैल्यात मात्र गोळा व दांडी यांच्यामध्ये कागद व गाळ अडकतो आणि गोळा जागीच थांबतो. गोळा तळाशी अडकला तर टाकी भरली तरी काटा ‘रिकामी’ दाखवितो.

तिसरा प्रकार धातूच्या खिळ्यांचा. टाकीच्या भिंतीत निरनिराळ्या उंचीवर खिळे बसवितात. मैला खिळ्यापर्यंत पोहोचला की वीज वाहते व दिवा लागतो. खिळ्यांवर ओलसर थर बसला की टाकी रिकामी असूनही दिवे लागलेले राहतात. वारंवार धुणे शक्य असेल तरच हा प्रकार घ्यावा.

चौथा प्रकार बाहेरून चिकटविण्याच्या पट्टीचा. ही पट्टी विजेच्या धारकतेतील बदलावरून आतील द्रवाची उंची ओळखते. मैल्याचा स्पर्श होत नाही आणि टाकीला भोक पाडावे लागत नाही, हे तिचे मोठे गुण. टाकी मात्र प्लास्टिकची वा फायबरकाचेची असली पाहिजे. धातूच्या टाकीवर ही पट्टी चालत नाही, आणि जवळून धातूची पट्टी अथवा तारा जात असल्यास वाचन चुकते.

पाचवा प्रकार ध्वनिलहरींचा. टाकीच्या माथ्यावरून कानाला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडला जातो. तो मैल्याच्या पृष्ठभागावरून परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढले जाते. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर आहे. पृष्ठभाग ३० सेंटिमीटर खाली असल्यास ध्वनीला जाऊन येण्यास सुमारे पावणेदोन सहस्रांश सेकंद लागतात. हा प्रकार धातूच्या टाकीवरही चालतो. फेस, वाफेचे थेंब आणि नौकेचे हेलकावे यांमुळे वाचन डळमळते. शिवाय उपकरणाच्या अगदी जवळचे काही अंतर त्यास मोजता येत नाही. टाकी उथळ असल्यास हा दोष मोठा ठरतो.

सहावा प्रकार दाबाचा. टाकीच्या तळापर्यंत नेलेल्या बारीक नळीतील हवेच्या दाबावरून द्रवाची उंची कळते. नळीच्या तोंडाशी गाळ साचला अथवा टाकीची हवानळी तुंबली तर वाचन खोटे पडते.

निवड कशी करावी

निवड करताना चार प्रश्न विचारावेत. टाकी कशाची आहे? तिच्या माथ्यापर्यंत वा बाजूपर्यंत हात पोहोचतो का? तिची खोली किती आहे? आणि केवळ धोक्याची सूचना हवी की सर्व पातळ्या कळावयास हव्यात? प्लास्टिकची टाकी व मोकळी बाजू असल्यास बाहेरील पट्टी योग्य. धातूची व पुरेशी खोल टाकी असल्यास ध्वनिलहरींचा मापक योग्य. टाकीचा कोणताही भाग दिसत असल्यास, कोणताही मापक घेतला तरी, डोळ्यांनी पाहण्याची खूण अवश्य ठेवावी. मैल्याला स्पर्श न करणारा मापक स्पर्श करणाऱ्यापेक्षा सामान्यतः अधिक टिकतो, हे निवडीचे मुख्य सूत्र होय.

सूचना केव्हा मिळावी याचा हिशेब आधी करावा. समजा, नौकेवर चार माणसे आहेत. प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा शौचालय वापरले आणि दर वेळी दोन लिटर पाणी लागले, तर दिवसाला ४० लिटर होतात. टाकी ८० लिटरची असल्यास ती दोन दिवसांत भरेल. सूचनेचा दिवा ६० लिटरवर लावला तर पुढे २० लिटर, म्हणजे अर्ध्या दिवसाची सवड मिळते. धक्क्यावर पोहोचण्यास याहून अधिक वेळ लागत असेल तर दिवा ४० लिटरवर लावावा. सूचनेची पातळी टाकीच्या आकारावरून नव्हे, तर टाकी रिकामी करण्याच्या जागेपर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेवरून ठरविली पाहिजे.

उंची म्हणजे साठा नव्हे

मापक उंची मोजतो. माणसाला साठा हवा असतो. टाकी चौकोनी असेल तर दोन्ही एकच. नौकेतील टाकी मात्र बहुधा नौकेच्या बाकाखाली, कलत्या भिंतीला लागून बसविलेली असते. खाली टोकदार व वर रुंद अशी त्रिकोणी छेदाची ८० लिटरची टाकी घेतली, तर अर्ध्या उंचीवर तिच्यात २० लिटरच असतात. तीच टाकी उलटी, म्हणजे वर टोकदार असेल, तर अर्ध्या उंचीवर ६० लिटर भरलेले असतात. काटा ‘अर्धी’ म्हणत असताना फक्त पाव टाकी शिल्लक राहिलेली असते. यास्तव मापकासोबत आलेल्या छापील खुणांवर विसंबू नये. प्रत्यक्ष पाणी मोजून ओतून स्वतः खुणा कराव्यात.

बसविण्याची पद्धत

१. टाकी किनाऱ्यावरील सोयीत पूर्ण रिकामी करून स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावी. झडपा बंद कराव्यात. आसपासच्या जागेस भरपूर वारा द्यावा. विडी-काडी, शेगडी, उघडा दिवा जवळ आणू नये. मैल्यातून निघणारे वायू विषारी व ज्वालाग्राही असतात.

२. टाकीची हवानळी मोकळी आहे की नाही ते पाहावे. नळी तुंबली असल्यास प्रथम ती साफ करावी. तुंबलेल्या हवानळीमुळे दुर्गंधी सुटते, टाकीवर दाब येतो आणि उपसताना टाकी आत दबण्याचा संभव असतो.

३. टाकीची आतील उंची, लांबी, रुंदी मोजून वहीत आकृती काढावी. नळांच्या तोंडांची जागा त्यात दाखवावी.

४. बाहेरील पट्टी लावावयाची असल्यास जागा पुसून, स्पिरिटने स्वच्छ करून, पूर्ण कोरडी करावी. पट्टी सरळ उभी लावावी. आधी साध्या चिकटपट्टीने धरून चाचणी घ्यावी व नंतरच कायमची चिकटवावी.

५. ध्वनिलहरींचा मापक टाकीच्या माथ्यावर सपाट बसवावा. मैला आत पडतो त्या तोंडापासून व भिंतींपासून तो दूर असावा. नाहीतर पडणारी धार वा भिंत यांवरूनच ध्वनी परत येतो. भोक पाडताना कीस आत पडू देऊ नये. रबरी गास्केट बसवून सांधा हवाबंद करावा.

६. नौका पाण्यावर कलते, म्हणून मापक शक्यतो टाकीच्या मध्यरेषेवर असावा. कडेला बसविल्यास नौका एका बाजूस कलली की काटा वाढतो, दुसऱ्या बाजूस कलली की उतरतो.

७. वीज बॅटरीवरून घ्यावी. बॅटरीच्या जवळच, उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज लावावा. तार कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी. साधी तार खाऱ्या हवेत हिरवी पडून तुटते. सर्व जोड नौकेच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याच्या वर ठेवावेत. दाबल्यावरच वाचन देणारे बटण असल्यास वीज वाचते.

८. आता खुणा कराव्यात. नौका धक्क्यावर स्थिर व सरळ असताना दहा लिटरच्या बादलीने पाणी ओतत जावे. प्रत्येक बादलीनंतर मापकाचे वाचन वहीत लिहावे. समुद्रावर शौचालयास खारे पाणी वापरले जात असेल तर चाचणीसही खारेच पाणी घ्यावे. टाकी काठोकाठ भरू नये.

९. वाचन व लिटर यांचा तक्ता कागदावर उतरवून, पाणी लागणार नाही अशा आवरणात घालून दर्शकाशेजारी लावावा. त्याखाली ‘वाचन नौका सरळ असताना घ्यावे’ असे ठळक लिहावे.

मापकावरील विश्वास

मापक बसविला म्हणजे काम संपले असे नाही. खोटे बोलणारा मापक हा मापक नसण्यापेक्षा अधिक घातक असतो. कारण मापक नसेल तर माणूस निदान सावध राहतो. वर्षातून किमान एकदा टाकी धुऊन, बादलीने पाणी ओतून तक्ता तपासावा. रिकाम्या टाकीवर मापक रिकामी दाखवितो की नाही हे प्रत्येक उपशानंतर पाहावे. फरक आढळल्यास त्याच दिवशी नोंद करून दुरुस्ती करावी.

या बाबतीत भोपाळ शहराने फार मोठी किंमत मोजली आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून विषारी वायू सुटला. त्या कारखान्यातील मापकांची निगा नीट राहिली नव्हती आणि त्यांच्या वाचनावर कामगारांचा भरवसा उरला नव्हता, असे नंतरच्या चौकशांतून पुढे आले. मैल्याची टाकी आणि रासायनिक कारखाना यांची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु ज्या काट्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, तो काटा नसल्यासारखाच असतो, हा धडा लहान-मोठ्या सर्व टाक्यांना सारखाच लागू आहे.

घराची टाकी व फिरते शौचालय

नौकेवरील हे ज्ञान जमिनीवर वापरताना एक भेद लक्षात घ्यावा. बाजार, यात्रा, पंढरीची वारी अशा ठिकाणी ठेवल्या जाणाऱ्या फिरत्या शौचालयांची टाकी नौकेच्या टाकीसारखीच बंद असते. तेथे वर सांगितलेला मापक व सूचनेचा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो. गर्दीच्या दिवशी वापर किती पटीने वाढेल हे मात्र आधी धरावे.

घरच्या सेप्टिक टाकीची रचना निराळी असते. ती नेहमीच बाहेर जाणाऱ्या नळापर्यंत भरलेली असते. जितके पाणी आत येते तितकेच बाहेर जाते. तेथे पाण्याची पातळी मोजून काहीच कळत नाही. मोजावयाचा असतो तो तळाचा गाळ. त्यासाठी लांब काठीच्या टोकाला पांढरे जाडे कापड गुंडाळून ती तपासणीच्या तोंडातून हळूच तळापर्यंत सोडतात, काही मिनिटे ठेवतात व सावकाश वर काढतात. कापडावर जेथपर्यंत काळा थर दिसतो तेथपर्यंत गाळ आहे असे समजावे. गाळ टाकीच्या एकतृतीयांश खोलीपर्यंत येण्यापूर्वीच उपसा करावा. महाराष्ट्रातील वाई व सिन्नर या नगरपालिकांनी नागरिकांच्या तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी क्रमाने सर्व टाक्यांचा उपसा करण्याची योजना हाती घेतली. मापन आणि वेळापत्रक यांची ही जोडी अन्य नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनीही विचारात घेण्यासारखी आहे.

कोणत्याही परिस्थितीत माणसाने टाकीत उतरू नये अथवा दुसऱ्यास उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टाकी व गटार साफ करून घेणे हा गुन्हा ठरविला आहे. अशा मृत्यूबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपयांवर नेली. टाकी वाहू लागल्यावर घाईने माणूस उतरविला जातो; पातळी आधी कळली तर उपसा करणारी गाडी बोलाविण्यास वेळ मिळतो. मापकामुळे वाचणारी सर्वांत मोलाची गोष्ट पाणी नसून माणसाचा जीव आहे.

शाळेसाठी प्रयोग

शिक्षकांनी हा विषय वर्गात सहज दाखवावा. एक सरळ बाजूंची काचेची बरणी व एक खाली निमुळते होत गेलेले पारदर्शक भांडे घ्यावे. दोहोंवर कागदाची पट्टी चिकटवावी. एका पेल्याने पाणी ओतत जाऊन प्रत्येक पेल्यानंतर खूण करावी. बरणीवरील खुणा समान अंतरावर पडतील. निमुळत्या भांड्यावरील खुणा वर जाताना जवळजवळ येतील. नंतर दोन्ही भांडी थोडी कलती धरून कडेची पातळी कशी बदलते ते पाहावे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या तलावाची, विहिरीची वा धरणाची पातळी कोठे नोंदली जाते याचीही माहिती मिळवावी.

भोपाळचा नागरिक १६६६.८० या आकड्याकडे आशेने पाहतो, कारण तो आकडा त्याच्या घोटभर पाण्याशी जोडलेला आहे. त्याच पाण्याची शुद्धता राखावयाची तर दुसरा एक आकडाही प्रत्येक नौकेवर, प्रत्येक फिरत्या शौचालयावर आणि प्रत्येक घरच्या वहीत असावयास हवा. टाकी किती भरली, हा तो आकडा. तो माहीत असणे कठीण नाही. एक बादली, एक तक्ता आणि वर्षातून एक दिवस एवढीच त्याची किंमत आहे.